ऑब्जेक्ट की टेबल? डेटाबेसच्या रचनेबद्दल वाचकांचे प्रश्न

डेटाबेसबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत अडचण एकच दिसते : क्लास डायग्राम (प्रोग्राममधले ऑब्जेक्टचे प्रकार आणि त्यांची नाती दाखवणारा आराखडा) तयार आहे, आता त्याची टेबलं कशी करायची? त्यातले काही प्रश्न थोडक्यात देऊन त्यांना उत्तरं देत आहोत. पत्रांत पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हे डेटाबेस आणि जावामधलं हायबरनेट (ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची सांगड घालणारं साधन) यांचाच उल्लेख आहे, म्हणून उत्तरंही त्यांना धरूनच आहेत.

प्रश्न : बीसीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानासाठी बिलिंग करत आहोत. 'वस्तू' हा मूळ क्लास आणि त्याखाली 'पुस्तक', 'वही', 'पेन', 'नकाशा' असे क्लास आहेत. सर म्हणतात चारांची चार टेबलं करा, मैत्रीण म्हणते सगळं एकाच टेबलात टाक. शिवाय, आयएसबीएनला (पुस्तकावरच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाला) प्रायमरी की (टेबलातली प्रत्येक नोंद, म्हणजे रो, ओळखायची मुख्य खूण) करावं का? — विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : बिलाच्या ओळीपासून सुरुवात करा. त्या ओळीत कोणती वस्तू, किती नग आणि काय भाव हे येणार. ओळीतली फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम, एकाच टेबलाकडे जाऊ शकते. पुस्तकं, वह्या, पेनं, नकाशे अशी चार सुटी टेबलं केलीत तर ती की लावायला जागाच उरत नाही. मग 'वस्तूप्रकार' आणि 'वस्तूक्रमांक' असे दोन कॉलम ठेवून सगळा भार कोडवर टाकावा लागतो. कुणी एक वही डिलीट केली की तिची जुनी बिलं अधांतरी राहतात आणि डेटाबेस हूं की चूं करत नाही. म्हणून ही रचना तुमच्या दुकानासाठी घेऊ नका.

सगळ्यांचं मिळून एकच टेबल केलं तर क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) सोप्या होतात, जॉइन (टेबलं एकमेकांना जोडून वाचणं) लागत नाही. पण 'लेखक', 'प्रकाशक', 'पानं', 'शाईचा रंग', 'नकाशाचं प्रमाण' हे सगळे कॉलम नल, म्हणजे रिकामे, चालणारे ठेवावे लागतात. पेनाला लेखक नको आणि पुस्तकाला प्रकाशक हवाच, हा नियम मग चेक कन्स्ट्रेंट (रो आत घेताना डेटाबेसने तपासायची अट) लिहून सांगावा लागतो. मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती नक्की तपासा. ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल चेक कन्स्ट्रेंट वाचतं, एररही देत नाही आणि तो पाळतही नाही. खात्री करायची असेल तर प्रकाशक रिकामा ठेवून एक पुस्तक मुद्दाम घालून बघा. ते आत गेलं, तर तुमचा नियम फक्त कागदावर आहे.

तिसरी रचना म्हणजे मूळ टेबल आणि जोड टेबल. 'वस्तू'मध्ये क्रमांक, नाव, प्रकार आणि करगट. 'पुस्तक'मध्ये तोच क्रमांक प्रायमरी की म्हणूनही आणि फॉरेन की म्हणूनही, शिवाय पुस्तकापुरते कॉलम. तुम्हाला आम्ही हीच सुचवू, पण एका बदलासह : जोड टेबल फक्त पुस्तकासाठी करा. वही, पेन आणि नकाशा यांचे क्लास वेगळे असतील, पण दुकानदार त्यांच्याबद्दल नाव, कंपनी, भाव आणि शिल्लक यापलीकडे काही विचारतो का? विचारत नसेल तर त्यांना वेगळं टेबल नको, 'प्रकार' कॉलम पुरे. वागणूक वेगळी असेल तर क्लास वेगळा करावा. ठेवायची माहिती आणि तिचे नियम वेगळे असतील तरच टेबल वेगळं करावं.

पुढेमागे जोड टेबलं वाढलीच, तर दोन गोष्टी सांभाळा. एकच क्रमांक 'पुस्तक'मध्येही आणि 'नकाशा'मध्येही जाऊ शकतो, साधी फॉरेन की त्याला अडवत नाही. उपाय असा : 'वस्तू'वर क्रमांक आणि प्रकार या जोडीला युनिक (पुन्हा न येणारी) करा. 'पुस्तक'मध्येही 'प्रकार' कॉलम घ्या, त्यावर चेक लावा की तो 'पुस्तक'च असेल आणि फॉरेन की दोन्ही कॉलम मिळून द्या. दुसरी गोष्ट हायबरनेटची. तुम्ही नुसती 'वस्तू' मागितली तरी ते सगळ्या जोड टेबलांना लेफ्ट जॉइन (जोडीचा रो नसला तरी मूळ रो ठेवणारा जॉइन) लावतं, कारण समोरचा ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा आहे हे त्याला ठरवायचं असतं. बिलाच्या पडद्याला नाव आणि भाव एवढंच लागतं, तर क्वेरीत तेवढेच कॉलम मागा, पूर्ण ऑब्जेक्ट मागू नका.

आयएसबीएनला प्रायमरी की करू नका. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला; त्याआधीचे १० अंकी क्रमांक शेवटी एक्स घेऊ शकतात, म्हणून कॉलम आकड्याचा नको, मजकुराचा हवा. क्रमांक आपोआप वाढणारा ठेवा आणि आयएसबीएनवर युनिक लावा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल युनिक कॉलममध्ये कितीही नल चालवून घेतात, एसक्यूएल सर्व्हर मात्र एकच नल घेतो, हे लक्षात असू द्या. आणखी एक : मजकूर तोच ठेवून पुस्तक पुन्हा छापलं तर आयएसबीएन तोच राहतो, छापील किंमत मात्र बदलते. १५० रुपयांची जुनी प्रत आणि २०० रुपयांची नवी प्रत एकाच फडताळात असू शकतात. म्हणून किंमत 'वस्तू'मध्ये न ठेवता 'साठा' टेबलात ठेवा : वस्तूक्रमांक, छापील किंमत, नग. बिलाची ओळ साठ्याकडे जाईल आणि साठा वस्तूकडे.

तुम्ही पाठवलेल्या डायग्राममध्ये 'करदर' ही मेथड प्रत्येक क्लासमध्ये वेगळी लिहिलेली दिसते : पुस्तकासाठी ०, वहीसाठी १२. ही चूक महागात पडते. वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. त्या दिवशी मेथडमधला १२ खोडून ० केला की ऑगस्टमधलं बिल पुन्हा छापताना त्यावरही शून्य कर येणार आणि हिशेब जुळणार नाही. दर टेबलात ठेवा : करगट, लागू तारीख, दर. आणि बिल करताना लावलेला दर आणि भाव बिलाच्या ओळीत उतरवून घ्या. तोंडी परीक्षेत कुणी विचारेल की ही माहिती दोनदा ठेवली, नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवण्याचा नियम) कुठे गेलं? उत्तर द्या की आजचा भाव आणि त्या दिवशी आकारलेला भाव या दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत. पहिली बदलते, दुसरी कधीच बदलत नाही. पैशाचे कॉलम न्यूमरिक १०,२ (एकूण १० अंक, त्यातले २ दशांशानंतर) असे घ्या, फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) घेऊ नका.

प्रश्न : ऑब्जेक्ट जसाच्या तसा साठवणारे डेटाबेस आहेत असं अभ्यासक्रमात एका प्रकरणात येतं, पण प्रत्यक्षात कुणी वापरताना दिसत नाही. ते मागे का पडले? मुलांना काय सांगावं? — प्राध्यापिका, शिवाजीनगर

उत्तर : रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत मांडण्याची पद्धत, १९७० सालचं. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी ते मांडलं आणि त्यातली मुख्य मागणी अशी होती की डेटा कसा साठवला आहे हे माहीत नसतानाही तो विचारता आला पाहिजे. ऑब्जेक्ट डेटाबेस १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आले. जेमस्टोन, ऑब्जेक्टस्टोअर, ओ-टू ही त्यातली नावं. त्यांच्यासाठी ओडीएमजी या गटाने १९९३ मध्ये एक प्रमाण काढलं. २००१ मध्ये तो गट बंद झाला.

ऑब्जेक्ट डेटाबेसांचा जोर पॉइंटर (एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्याकडे नेणारा दुवा) धरून पुढे जाण्यावर होता. यंत्राच्या आराखड्यात एका भागातून त्याच्या उपभागात, तिथून पुढच्या उपभागात जायचं असेल तर ते फार वेगाने होतं, आणि अशा कामांत ते टिकूनही राहिले. पण ऑफिसात रोज नवे प्रश्न येतात. 'गेल्या तिमाहीत कोथरूडमधल्या कोणत्या ग्राहकांनी परतावा मागितला?' हा प्रश्न कोणत्याही ऑब्जेक्टच्या अंगभूत वाटेवर नसतो. तिथे जॉइन लागतो. दुसरी अडचण क्लास बदलला की येते : साठवलेले लाखो ऑब्जेक्ट जुन्या आकाराचे राहतात. शिवाय डेटा एका भाषेला बांधला जातो, आणि कोड पाच-सात वर्षांत पुन्हा लिहिला जातो तसा डेटा पुन्हा लिहिता येत नाही.

मुलांना हेही सांगा की रिलेशनल बाजूने बरंच उचलून घेतलं. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात स्वतःचे टाइप आले आणि रिकर्सिव्ह (स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालणाऱ्या) क्वेरी आल्या, त्यामुळे भाग-उपभागांची साखळी आता एका क्वेरीत उतरवता येते. पोस्टग्रेसमध्ये टेबलांचं इनहेरिटन्सही (मूळ टेबलाचे कॉलम उपटेबलाला मिळणं) आहे, पण प्रोजेक्टमध्ये ते वापरू देऊ नका. मूळ टेबलावरची प्रायमरी की उपटेबलांतल्या रोंना लागू होत नाही, म्हणून एकच क्रमांक दोन्हीकडे बसतो. मूळ टेबलाकडे जाणाऱ्या फॉरेन कीलाही उपटेबलांतले रो दिसत नाहीत. दाखवायला छान आणि बांधायला कच्चं, असं ते आहे.

प्रश्न : आमच्या हाउसिंग सोसायटीचं सॉफ्टवेअर मीच लिहितो. 'व्यक्ती' या क्लासखाली 'मालक', 'भाडेकरू' आणि 'समिती सदस्य' असे उपक्लास केले. आता तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी दुसऱ्या विंगमध्ये फ्लॅट घेतला, आणि एक मालक समितीवर निवडून आले. या नोंदी कशा करू? — वाचक, कोथरूड

उत्तर : इथे दोष टेबलांचा नाही, डायग्रामचाच आहे. माणूस मालक 'असतो' असं आपण बोलतो, पण खरं तर त्या माणसाचं त्या सदनिकेशी, त्या काळापुरतं तसं नातं असतं. जावामध्ये ऑब्जेक्टचा क्लास जन्मभर बदलत नाही. भाडेकरूचा मालक करायचा तर जुना ऑब्जेक्ट मोडून नवा करावा लागतो, नवा क्रमांक येतो आणि मागच्या पावत्या जुन्या क्रमांकावर अडकून पडतात. आणि एकाच वेळी मालकही आणि समिती सदस्यही असलेला माणूस तर या झाडात बसतच नाही.

उपक्लास काढून टाका. 'व्यक्ती' आणि 'सदनिका' ही दोन टेबलं स्थिर ठेवा आणि नाती वेगळी लिहा. 'मालकी'मध्ये व्यक्ती, सदनिका, हिस्सा, पासून, पर्यंत. 'भाडेकरार'मध्ये व्यक्ती, सदनिका, पासून, पर्यंत, अनामत. 'समितीपद'मध्ये व्यक्ती, पद, पासून, पर्यंत. तुमचे भाडेकरू व्यक्ती क्रमांक १७ असतील तर ते १७ च राहतात. त्यांच्या 'भाडेकरार'च्या रोला शेवटची तारीख लागते आणि 'मालकी'त एक नवा रो येतो. कोडमध्ये या तिन्ही नात्यांचे क्लास जरूर करा, कारण 'अमुक तारखेला चालू आहे का' हे काम त्यांचं आहे. ती तारीख बाहेरून द्या. मेथडच्या आत आजची तारीख घेतली तर मागच्या वर्षीच्या सभेची यादी पुन्हा काढता येणार नाही.

हिश्शाचा कॉलम टक्क्यांत ठेवू नका. तीन भावंडांच्या नावावर फ्लॅट असेल तर ३३.३३ तीनदा मिळून ९९.९९ होतात आणि बेरीज तपासणारा कोड कायम कुरकुरतो. अंश आणि छेद असे दोन पूर्णांक कॉलम घ्या : १ आणि ३. सगळ्या हिश्शांची बेरीज १ भरते की नाही हे चेक कन्स्ट्रेंट पाहू शकत नाही, कारण त्याला एकावेळी एकच रो दिसतो. त्यासाठी व्यवहाराच्या शेवटी चालणारा, म्हणजे डिफर्ड केलेला कन्स्ट्रेंट ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावावा लागतो. प्रत्येक रोनंतर लगेच चालणारा ट्रिगर लावला तर तीन भावंडांतलं पहिलं नाव टाकतानाच तो अडवेल.

एका सदनिकेचे दोन भाडेकरार एकाच काळात असू नयेत, हे मात्र पोस्टग्रेस स्वतः सांभाळतं. बीट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन चालू करा, करारासाठी डेटरेंज (पासून-पर्यंतच्या तारखा एकत्र ठेवणारा टाइप) वापरा आणि त्यावर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट लावा : सदनिका तीच आणि काळ एकमेकांवर चढलेला असेल तर रो नाकारायचा. रेंज सुरुवात धरून आणि शेवट सोडून घ्या, म्हणजे ३१ मेपर्यंतचा करार 'पर्यंत १ जून' असा लिहिला जाईल आणि १ जूनला सुरू होणारा नवा करार त्याला धडकणार नाही. करार एकाच वेळी दोघांच्या नावावर असेल तर भाडेकरूंची नावं वेगळ्या जोड टेबलात न्या, नाहीतर दुसरं नाव याच नियमाला अडकेल. 'मालकी'वर हा नियम लावायचा नाही. तिथे संयुक्त नावं नेहमीचीच असतात.

प्रश्न : ऑर्डरच्या यादीच्या एका पानावर ५० ऑर्डरी दिसतात. लोकल मशीनवर पान झटकन येतं, क्लायंटकडे तेच पान काही सेकंद घेतं. टीममध्ये कुणीतरी सगळी नाती ईगर करायला सांगितली. त्याने आणखी बिघडलं. — डेव्हलपर, हिंजवडी

उत्तर : हे एन प्लस वनचं दुखणं आहे. यादीची एक क्वेरी, मग प्रत्येक ऑर्डरच्या ओळींसाठी एकेक, म्हणजे ५०. प्रत्येक ऑर्डरमध्ये ८ ओळी आणि प्रत्येक ओळीचं प्रॉडक्ट वेगळं असेल तर आणखी ४००. एका पानाला ४५१ क्वेरी. एकेक क्वेरी एखाद्या मिलिसेकंदाची असली, तरी डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असतो आणि प्रत्येक क्वेरीला जाण्यायेण्याचा वेळ लागतो.

लोकलला हे दिसत नाही त्याचं कारण तुमचा चाचणीचा डेटा. हायबरनेट एका सेशनमध्ये एकदा आणलेला ऑब्जेक्ट पुन्हा आणत नाही. लोकल डेटाबेसमध्ये १० प्रॉडक्ट असतील तर ४०० च्या जागी १० च क्वेरी जातात. क्लायंटकडे हजारो प्रॉडक्ट आहेत, तिथे खरा आकडा बाहेर येतो. चाचणीच्या डेटात प्रत्येक ओळीला वेगळं प्रॉडक्ट देऊन बघा.

ईगर केल्याने सुधारत का नाही? ईगर म्हणजे 'आत्ताच आण', 'जॉइन करून आण' असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही स्वतः लिहिलेली क्वेरी हायबरनेट आधी जशीच्या तशी चालवतं आणि मग ईगर नाती भरायला वेगळ्या क्वेरी सोडतं. त्या तर आता प्रत्येक पानावर जाणार, गरज असो वा नसो. सगळी नाती लेझी (लागतील तेव्हाच आणली जाणारी) करा. मेनी-टू-वन (अनेकांचा एकच, जसा अनेक ऑर्डरींचा एक ग्राहक) हे नातं मुळातच ईगर असतं, म्हणून तिथे लेझी हाताने लिहावं लागतं. बहुतेक जण हेच विसरतात.

त्यानंतर हायबरनेटचं स्टॅटिस्टिक्स चालू करून पानामागे किती क्वेरी जातात ते मोजा. ऑर्डरचा ग्राहक हवा असेल तर त्या क्वेरीत जॉइन फेच (जॉइन करून त्याच क्वेरीत आणणं) लावा; ऑर्डरमागे ग्राहक एकच, म्हणून रो वाढत नाहीत. ओळींची लिस्ट मात्र तशी आणू नका. लिस्टवर जॉइन फेच आणि वर पानांची मर्यादा असं दोन्ही दिलं, तर हायबरनेट डेटाबेसमधून सगळ्या ऑर्डरी उचलतं आणि ५० ची काटछाट मेमरीत करतं. लॉगमध्ये तसा इशारा येतो, पण तो कुणी वाचत नाही. त्याऐवजी पहिल्या क्वेरीत फक्त ५० क्रमांक आणा, आणि दुसरीत त्या क्रमांकांच्या ऑर्डरी ओळी आणि प्रॉडक्टसकट जॉइन फेचने आणा. ४५१ च्या जागी दोन. क्रम दुसऱ्या क्वेरीतही पुन्हा लिहा, नाहीतर यादी विस्कटते. एवढा बदल लगेच शक्य नसेल तर डिफॉल्ट बॅच फेच साइज ५० ठेवा. लेझी नाती मग एकेक न येता ५०-५० च्या गठ्ठ्याने येतात.

एकाच क्वेरीत दोन लिस्ट कधी जॉइन करू नका. ऑर्डरला ८ ओळी आणि ३ पेमेंट असतील तर २४ रो येतात, आणि त्यावर कुणी रकमेची बेरीज लावली तर पेमेंट आठपट दिसतं.

एक तपासणी डेटाबेसच्या बाजूने. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपोआप इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) करत नाही, मायएसक्यूएलचं इनोडीबी हे साठवण इंजिन करतं. तुम्ही पोस्टग्रेसवर असाल आणि 'ओळ' टेबलातल्या ऑर्डरक्रमांकावर इंडेक्स नसेल, तर प्रत्येक वेळी पूर्ण टेबल चाळलं जातं. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावा, मोठ्या टेबलावर सीक्वेन्शियल स्कॅन (पूर्ण टेबल चाळणं) दिसला की इंडेक्स घाला.

प्रश्न : कोणत्याही नोंदीला फाइल जोडता यावी म्हणून 'संलग्न' टेबलात 'नोंदप्रकार' आणि 'नोंदक्रमांक' ठेवले आहेत. आता कशालाच न जोडलेल्या शेकडो फाइली सापडतात. — वाचक, बाणेर

उत्तर : या दोन कॉलमांवर फॉरेन की लावता येत नाही, म्हणून मूळ नोंद गेली तरी फाइल मागे उरते. नोंदींचे प्रकार चार-पाचच असतील तर प्रत्येकासाठी वेगळा कॉलम घ्या : तक्रारक्रमांक, पावतीक्रमांक, ठरावक्रमांक. प्रत्येकाला खरी फॉरेन की द्या आणि वर चेक लावा की यातला नेमका एकच भरलेला असेल. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी नम-नॉननल्स हे फंक्शन आहे. प्रकार दहा-पंधरा असतील तर कॉलम वाढवत बसू नका, प्रत्येक प्रकारासाठी छोटं जोड टेबल करा : 'तक्रार_संलग्न', 'पावती_संलग्न' वगैरे.

जुना डेटा हलवताना आधी लेफ्ट जॉइनने अधांतरी रो शोधून वेगळ्या टेबलात काढून ठेवा, लगेच पुसू नका. मग नवे कॉलम, मग अपडेट, आणि शेवटी कन्स्ट्रेंट. टेबल मोठं असेल तर पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की आधी नॉट व्हॅलिड (जुने रो न तपासता) म्हणून घाला आणि नंतर व्हॅलिडेट करा, म्हणजे तपासणी चालू असताना लिहिणाऱ्यांना थांबावं लागत नाही. मायएसक्यूएलवर असाल तर चेकमध्ये वापरलेल्या कॉलमच्या फॉरेन कीला ऑन डिलीट कॅस्केड (मूळ रो गेला की हाही पुसणं) किंवा सेट नल (कॉलम रिकामा करणं) देता येत नाही. तिथे रिस्ट्रिक्ट (जोडलेलं काही असेपर्यंत मूळ रो पुसू न देणं) ठेवून फाइली आधी डिलीट कराव्या लागतात.